पट्टीवरचा बांगडा

तळपणच्या जेटीवर पहाटे साडेपाचला
माझ्याकडे एक पट्टी असते. स्टीलची, तीस सेंटिमीटरची,
खात्याच्या भांडारातून सही करून घेतलेली.
एका टोकाला ती गंजलीय, शून्य वाचता येत नाही,
म्हणून मी माशाचं तोंड एकावर ठेवते
आणि शेवटी एक वजा करते.

बांगडा चौदाच्या आत नको, असा हुकूम आहे.
तो मी बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला खळीने चिकटवला.
दुसऱ्या दिवशी अर्धा फाटलेला,
कुणीतरी त्यात सुंगटं बांधून नेली.

फोंडू पागी रापणकार. म्हणजे होता.
रापण ओढायला चाळीस माणसं लागतात,
त्याचा थोरला जहाजावर, पुतणे शॅकमध्ये बशा उचलतात,
जाळं माटवात, उंदरांच्या स्वाधीन.
तरी रोज येतो, दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसतो.
वाच म्हणतो. उरलेला अर्धा मी वाचते.
जून-जुलै बंदी. हं.
दिवे लावून मासेमारी नको. हं.
दोन ट्रॉलरांनी मिळून एक जाळं ओढायचं नाही. हं.
जाळ्याचा डोळा इतक्या मिलिमीटरचा.
इथे हसला.
"डोळा! शब्द तरी बरा घातला कुणी.
आमचा बापूय विणताना डोळ्यात आंगठा घालून बघायचा,
आंगठा अडला की तेवढं उसवायचा.
पिलाला वाट नाही, ते कसलं विणणं?"
मग बराच वेळ गप्प.
मग, "बंदी एकसष्ट दिवस. उरलेल्या तीनशे चार राती, बाय?"

त्या राती मला घराच्या गच्चीवरून दिसतात.
काब द रामच्या बाजूला, दूर,
समुद्रावर कुणाचं लग्न असावं तसा उजेड,
जनरेटरचा, पांढराफटक.
गस्तीची बोट दुरुस्तीला. दुरुस्तीची फाइल पणजीला.
आणि खालून मासे वर येतात,
धाकटे, थोरले, गाभोळी पोटात घेऊन,
आमंत्रण खरं समजून.

सोमवारी सुरंगी आली. फोंडूची सून.
होडी एक, पाटली एक, नवऱ्याचा खांदा निखळलेला.
बांगडे तेरा भरत होते.
मी तोंड एकावर ठेवलं, शेपटीशी चौदा वाचले,
रजिस्टरात चौदाच लिहिले.
वजा करायला विसरले असं म्हणता येईल.
ती काही बोलली नाही. जाताना पाटली अंमळ हळू उचलली.

मंगळवारी इनास बार्रेत.
दोन ट्रॉलर, ऐंशी क्रेट, ट्रक चालू करून उभा,
सगळा माल कोंबड्यांच्या खाद्याला जायचा.
बांगडे तेराच.
"काल विसरलीस ना बाय? आज पण विसर."
आवाजात गुरगुर नव्हती, हेच अवघड.
डिझेलची सबसिडी मार्चपासून अडकलीय,
खलाशी झारखंडचे, त्यांना उचल देऊन बसलोय,
परराज्यातल्या बोटी रात्री येऊन साफ करून जातात,
मग कायदा मी एकट्याने पाळायचा काय?
यातलं खोटं काय, ते मला सांगता येईना.
एक सेंटिमीटर ऐंशी क्रेटमध्ये किती होतो
ते मात्र डोळ्यांसमोर होतं:
थंडगार, बर्फाखाली, एकसारख्या वयाचा
एक अख्खा वर्ग, गणवेशात.

दंडाची पावती फाडली. ओल्या कागदावर पेन चालेना,
दोनदा गिरवलं.
इनासने घडी करून खिशात ठेवली, म्हणाला,
"सुरंगीला पण दे हां एक."
फोंडू दोरखंडावर होता. त्याने ऐकलं.
पट्टी मागितली, उलटसुलट केली,
गंजलेल्या टोकावर आंगठा दाबून धरला,
काही न बोलता परत दिली.

दुपारी ऑफिसात नव्या पट्टीसाठी अर्ज भरला.
नाव, हुद्दा, ठिकाण.
कारण.
या रकान्याशी पंखा तीनदा बंद होऊन चालू झाला.
मग लिहिलं, गंज.
सहीखाली एक खवला चिकटला होता,
नखाने काढावा लागला.