टंच

गुजरीत दुपारी अडीचला
सोन्याची दुकानंही पेंगतात.
माझं सोन्याचं नाही, टंचाचं.
चार हात रुंद. एक भट्टी, एक काटा
आणि वडिलांची कसोटी,
मधोमध झिजून खोलगट झालेली.

हौसाक्का मगदूम पायरी चढल्या
तेव्हा मी जेवणाचा डबा झाकत होतो.
इन्सुलिनच्या रिकाम्या खोक्यातून
त्यांनी नाणं काढलं.
दहा रुपये. एकोणीसशे बहात्तर.
मागं संसद भवन, पुढं झेंडा धरून दोघं,
पोरगा नि पोरगी, पंचविशीतली असावीत,
देशाच्या वयाची.

“नातीच्या लेकीला वाळं करायचं.
कमी पडली तर वर घाल, पर हे आत असू दे.
सरकारी चांदी हाय. बावनकशी.”

बावनकशी सोन्याला म्हणतात.
मी दुरुस्त केलं नाही.
काट्यावर साडेबावीस ग्रॅम.
कडेला कानशीचा ओरखडा, थेंबभर ॲसिड.
रक्तासारखा लाल डाग यायला हवा.
आला तो तपकिरी,
आणि मग कडेनं हिरवट.

“आक्का, निम्मीच आहे.”
“म्हंजे? खोटं?”

आता हिला काय सांगू.
शिकाऊ पोरांसाठी वडील
ड्रॉवरमध्ये तीन नाणी ठेवायचे.
एकोणसत्तरचं, पंधरा ग्रॅम, शंभरात ऐंशी चांदी.
बहात्तरचं थोराड, पण निम्मं.
आणि चौऱ्याहत्तरचं,
ते हातात देऊन म्हणायचे,
ह्यात चांदी शोधून दाखव, तुला चहा पाजतो.
तिन्हींवर दहाच रुपये.
“अंगानं सुटलाय,” म्हणायचे, “आणि रक्त कमी झालंय.”
एवढंच अर्थशास्त्र मी शिकलो.
बाकीचं गिऱ्हाइकांनी शिकवलं:
लढाई नुकती झालेली,
कोटभर निर्वासित पोसलेले,
दोन वर्षं पाऊस फिरकला नव्हता,
आणि रेशनवर
बोटीतून आलेला लाल मिलो.

“खोटं नाही,” मी म्हटलं,
“तेव्हा देशाकडं तेवढीच होती.”

“तसं म्हण की मग,” हौसाक्का बाकावर टेकल्या.
“आमच्याकडं तरी कुठं जास्त हुती.
आमचं हे मिलात साच्यावर.
पगाराच्या दिवशी बँकेतनं हे घिऊन आलं.
घरात पीठ न्हाई,
मिलोची भाकरी उलथताना मोडायची.
मी म्हटलं, ह्येला काय तव्यावर टाकू?
तर म्हणतंय, बघ की गं,
ह्यो मी आन् ही तू,
झेंडा धराय बोलावलंय दिल्लीला.
दोन दिस बोलले न्हाई मी.
तिसऱ्या दिशी शेजारणीकडं गेले,
म्हटलं, हे ठेव आन् पायलीभर जोंधळं दे.
तिनं उलटसुलट केलं,
म्हणाली, असलं चालतंय व्हय दुकानात?
जोंधळं दिलं. नाणं परत दिलं.”

“मग कधी मोडलं नाही?”

“इच्यारलं हुतं एकदा.
दहा रुपयाला दहाच देत हुतं.
मग मोडायचं कशाला?”

ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं,
आणि भिंतीवरच्या फळ्यावर
आजचा भाव खडूनं लिहिलेला,
सकाळपासून दोनदा पुसलेला.

“आक्का, आटवताना तांबं वेगळं काढू?
वाळं पांढरंशुभ्र होईल.”

त्यांनी नाणं परत हातात घेतलं,
अंगठ्यानं त्या पोराचं तोंड चोळलं,
नाक तेवढं झिजलं होतं.
“राहू दे. तांबं बी त्याच सालचं हाय.
मिलो खाऊनच ऱ्हायलंय आत.”

मी पावती केली.
जुने नाणे, नग एक. टंच पन्नास.
त्यांनी वाचून दाखवायला लावली,
मग मान हलवली.

“निम्मं लिही.
पन्नास म्हटलं की लई वाटतंय.”