बलाबल

पंचायत निवडणुकीच्या पोस्टरची पाठ,
तिच्यावर निळ्या शाईची म्हादई.
अलीकडचं राज्य माझं, पलीकडचं कुष्टाचं.

सैन्य काजूबियांचं.
टपोरी ती हत्ती, चपटी ती पायदळ,
आणि हलवली की खुळखुळते, पोचट,
ती हेर. तिचं वजन शत्रूला कळता कामा नये.

माझे किल्ले नऊ, त्याचे सहा.
माझे हत्ती चाळीस. त्याचे बावीस,
पण नदीचे दोन्ही उतार त्याच्या ताब्यात,
शिवाय मिठाचा घाट.
"मिठावाचून तुझे हत्ती किती दिवस?"
कुष्टा विचारायचा,
आणि मी वहीत भागाकार करत बसायचो
अख्खा एप्रिल.

लढाई सोमवारी ठरली होती.
शनिवारी भाव चढला.

कुष्टाच्या आईने पलीकडचं राज्य ओंजळींनी उचललं,
अलीकडचं माझ्या बापाने.
वाळपईच्या काट्यावर
माझं सैन्य तीन किलो दोनशे,
त्याचं दोन नऊशे.
"बघ!" मी म्हणालो.

काटेवाल्याने मूठभर बिया कानाशी नेल्या,
हलवल्या.
मग शांतपणे बसून
माझे हेर वेचून काढले.
दोन सहाशे.

"एवढे हेर?" कुष्टा म्हणाला.
तो हसला असता तर बरं झालं असतं.

दोन्ही राज्यं एकाच गोणीत गेली,
वर सुतळीची गाठ.

परतताना नदी घोट्याएवढी.
खरा उतार कुठे, ते त्यालाच ठाऊक;
चपला हातात घेऊन
मी त्याच्या मागून.