वीस मिनिटं

हर्णैच्या लिलावातून सुरमईचे चार तुकडे.
पावशीणबाई म्हणाली, कोकम आहे ना घरात?
आहे, म्हणालो.
लावणार नाही, हे नाही सांगितलं.

सोया सॉस. आलं किसून.
साके कुठली इथे, म्हणून कालची उरलेली माडी,
आणि गोडाला चमचाभर काकवी.
चोळून झालं तेव्हा पाहिलं,
मासा लावूनही हात पिवळे नव्हते.

जहाजाचा भंडारी, दाभोळचा मुश्ताक,
योकोहामाच्या धक्क्यावर शिकला होता हे.
म्हणायचा, वीस मिनिटं बस्स,
मासा आहे, लोणचं नाही मुरवत ठेवायला.
आणि घड्याळ न बघता दोन विड्या ओढून यायचा.

मी विडी सोडली.
ओट्याशी उभा राहून
भाताची वाफ जिरेपर्यंत होड्या मोजल्या.
अकरा.
बारावीचा दिवा बराच वेळ लागला नाही,
मग लागला.

तोवर काकवी तव्यावर करपलेली,
कडा काळ्या, घरभर गोडसर धूर.
काय जाळलंस रे? पडवीतून इंदुमती.
जेवण, म्हटलं.

पहिला घास ती बराच वेळ चावते.
काही बोलत नाही. उठते,
आगळाची बाटली आणते, स्वतःच्या तुकड्यावर
दोन थेंब,
आणि बाटली ठेवते
दोघांच्या ताटांच्या मधोमध.