मधली खुर्ची

टिळक रोडच्या आत, सायकलवाल्याशेजारच्या जिन्याने
वर गेलं की रिसबुडांचं दुकान.
पाटी लहान. तिच्याखाली आणखी लहान अक्षरांत:
चपला बाहेर, घाई बाहेर.

आत एकच खुर्ची, वेताची,
दोन्ही स्पीकरांपासून बरोबर सात फुटांवर.
तिचे पाय कुठे टेकायचे
ते फरशीवर पांढऱ्या रंगाने आखलेलं.
केर काढताना ती जरा हलली
की रिसबूड टेप घेऊन यायचे. बोलायचे नाहीत.

मी पडद्यामागे. कथील, राळेचा धूर.
सुया बदलायचे, बेल्ट ताणायचे.
गिऱ्हाईकं मला चहावाली समजायची,
एका अर्थी बरोबरच, चहाही मीच करायचे.
व्हॉल्व्ह तापून नारिंगी झाले की बाहेर ऐकू यायचं,
"बसा. आता वीस मिनिटं किंमत विचारू नका."

टेलिफोन खात्यातले पोंक्षे दर शनिवारी यायचे.
नऊ महिने तोच यमन, तीच तबकडी,
घेतलं काही नाही.
दहाव्या महिन्यात बायकोला घेऊन आले.
बाई बसल्या, डोळे मिटले,
आणि म्हणाल्या, "मागे तंबोऱ्यावरचा मुलगा खोकलाय का हो?"
बिल तिथल्या तिथे फाडलं.

मग दोनाचे पाच स्पीकर झाले, पाचाचे सात.
हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं की लोक मान वर करायचे
आणि खूश व्हायचे.
मग तेही नको झालं. कानात बोंडं, खिशात सगळं.
बाणेरहून दोन मुलं आली,
दोन तास ऐकलं, मागच्या पट्टीचा फोटो काढला,
जिना उतरेपर्यंत कुठूनतरी मागवलंसुद्धा,
चार हजारांनी स्वस्त.
मी चिडले. रिसबूड म्हणाले, "ऐकून तर गेले."
रात्री त्यांनी पाटी लिहिली: ऐकण्याचे दोनशे रुपये.
सकाळी स्वतःच पुसली.

आता सांगायला हरकत नाही.
शेवटची बारा वर्षं त्यांना वरचे सूर ऐकूच येत नव्हते.
एका दुपारी, दुकान बंद असताना, ते खुर्चीत बसले होते.
डावा ट्विटर मेलेला,
झांज अर्धीच वाजत होती,
आणि ते म्हणाले, "वा."

मी संध्याकाळी थांबून तार जोडली.
मग लक्षात येत गेलं,
गिऱ्हाईक बसलं की ते स्पीकरकडे बघतच नाहीत.
कडेला उभं राहून माणूस बघतात:
भुवई, पायाचा अंगठा, श्वास कुठे अडला.
"ह्यांना खर्ज जास्त होतोय," म्हणायचे.
आणि व्हायचाच.

ते गेले. खाली सायकलवाला आहे,
वर दातांचा दवाखाना.
खुर्ची मी मागून घेतली; तिच्यावर
इस्त्रीला न दिलेले कपडे असतात.

त्यांचा भाचा केदार बाणेरच्या फ्लॅटमध्ये हे सगळं विकतो,
आधी वेळ घेऊन यायचं.
तिघांचा सोफा. कॉफीवर पान काढलेलं.
तबकड्या परत आल्यात, जाडजूड, चार-चार हजारांच्या;
काही तर फक्त भिंतीवर लावायला.
जुना डेक आला की मला फोन, "मावशी, हे कुणाला येत नाही."
मी जाते. रिक्षाचे पैसे घेते.

परवा सुई बसवून चालू करून दिलं.
सोफ्यावर तीन डोकी, तिन्ही फोनमध्ये.
मधल्या मुलीचा अंगठा स्क्रीनवर
चालता चालता थांबला.
मी पेचकस खाली ठेवला,
आणि स्पीकरकडे पाठ करून उभी राहिले.

थोडी गुणगुण येत होती, अर्थिंगची.
ती नंतर काढली.