तेहतीस

पुंता अरेनासमध्ये वारा पिसाळला की
चौकात दोर बांधतात, माणसांनी धरून चालावं म्हणून.
मी दोर धरून प्रयोगशाळेत येते
आणि चार नॅनोमीटरच्या तांब्याला बजावते,
तू तरी जागा सोडू नकोस.

ते सोडतं.
अडीचशे अंशांवर, हवेच्या पन्नास पट दाबाखाली
कण एकमेकांकडे सरकतात,
अंगाला अंग लावतात, मिसळून एक होतात,
आणि जिथे कार्बन डायऑक्साइडनं घटकाभर टेकायचं
ती कड, तो कोपरा, ती पायरी
आतल्या आत बुजून जाते.
सूक्ष्मदर्शकाचं चित्र बघून ओविदियो मान्सिया म्हणाला,
"आमच्या मेंढ्या थंडीत अश्शाच करतात."
थंडीत, हो.
यांना उकाड्यात हुडहुडी भरते.

ओविदियोनं तीस वर्षं लोकर कातरली.
पाठ गेली, तेव्हा इथे काचेची भांडी धुवायला आला.

माझा भाऊ कालामाच्या खाणीत ट्रक चालवतो,
एका खेपेला तीनशे टन दगड.
फोनवर विचारतो, तुझ्याकडे किती तांबं?
आज चाळीस मिलिग्रॅम, मी सांगते.
तो हसतो, खूप वेळ, मागे भोंगा वाजत असतो.

कुंपण घातलं मग. झिर्कोनियाचे खुंट
कणाकणामध्ये, शेजाऱ्याला हात पोचू नये अशा बेतानं.
तेवीस वेळा घातलं, तेवीस वेळा मोडलं.
वहीवर येर्बा चहाचे हिरवट गोल डाग.

चोविसाव्या खेपेला पडद्यावर शिखर उठलं.
उंच, टोकदार, मिथेनॉलच्या नेमक्या मिनिटाला.
मी ओविदियोला मिठी मारली, ओल्या हातमोज्यांसकट.
दुपारी कालाफाते फळांचा केक आला,
साऱ्या मजल्यानं खाल्ला.

संध्याकाळी, केवळ रीत म्हणून,
नुसता आर्गॉन सोडला.
शिखर उठलं.
तेवढंच उंच.

ओविदियो दारात उभा, हातात पिळायची बाटली.
"सोमवारी नळी धुतली होती, डॉक्तोरा. चांगली लख्ख. यानंच."
बाटलीवर त्याच्याच वळणदार अक्षरात: मेतानोल.

रागवायचं राहून गेलं.
केकच्या पेटीत चुरा उरला होता, तो आम्ही दोघांनी संपवला.
खाता खाता त्यानंच विचारलं,
"दुसऱ्याची मेंढी आपल्या कळपात शिरली
तर तुम्ही ओळखता कशी?
आम्ही कान कातरून ठेवतो."

कान कातरलेला कार्बन मिळतो.
एक न्यूट्रॉन जास्त, बाकी तीच चाल, तीच भूक.
सांतियागोहून विमानानं आला, हातभर टाकीत;
त्या पैशांत खरा कळप आला असता.
बत्तीस वजन दिसलं तर ते बाटलीचं.
तेहतीस दिसलं तर आमचं.

नळी तीन दिवस भाजली.
वाऱ्यानं दोनदा वीज नेली, दोनदा पहिल्यापासून.
गुरुवारी रात्री ओविदियो घरी गेला नाही.
चिमूटभर राखाडी भुकटीवरून खुणेचा वायू गेला,
आणि पडद्यावर जे आलं
त्याला शिखर म्हणवत नाही. टेकाडही नाही.
चादरीखाली कुणी बोट उचलावं,
तेवढं.
तेहतीसवर.

तो वाकून बघत राहिला, चष्मा कपाळावर.
"हीच का?"
"हीच."
"किडकिडीत आहे."
"हो."
"चरू द्या," म्हणाला,
आणि भांडी विसळायला घेतली,
या वेळी पाण्यानं.