काट्यापर्यंत जाऊन येतो

सावद्याच्या वखारीत एकवीस वर्षं
मी केळीच्या पावत्या लिहितो.
सकाळी आठला घातलेली मांडी
डबा उघडतानाच सुटायची.
पाणी मुबारक आणायचा, वजनाची चिठ्ठी मुबारक,
तंबाखूला चुना मुबारक.
माझ्या वाट्याचं चालणं
पालचा एक तडवी पोरगा चालत होता
आणि ते कुठल्याच वहीत नव्हतं.

फैजपूरच्या डॉक्टरीणबाईंनी बीपीचा पट्टा
दोनदा सोडून तिसऱ्यांदा बांधला.
मी म्हटलं, रोज संध्याकाळी फिरतो की,
स्टेशनच्या रस्त्यानं, तासभर, न चुकता.
त्या म्हणाल्या, फेगडेभाऊ,
दिवसभराच्या नोंदी रात्री एकदम टाकता का?

नाही टाकत.
गाडी काट्यावरून उतरली की तिथल्या तिथे लिहितो.
नाहीतर मेळ बसत नाही.

रक्ताचंही तसंच आहे, म्हणाल्या,
मांडीखाली पेंगतं ते.
अर्ध्या तासानं उठा, तीन मिनिटं.
पळू नका, नुसतं चाला.
हृदयाच्या ओझ्याला पोटऱ्याही खांदा देतात,
त्यांना कामावर घ्या.

साडेआठ वाजले: काट्यापर्यंत.
नऊ: माठापर्यंत. माठ मुद्दाम हलवलाय,
केळीच्या वाळल्या पाल्याच्या ढिगापलीकडे,
जिथे मे महिन्यात पत्रा नुसता भाजतो.
हमाल हसले, मुनीम, मूळव्याध झाली का?
शेठ काही बोलले नाहीत, घड्याळाकडे पाहिलं फक्त.

तिसऱ्या दिवशी मुबारक समोर उभा,
हात मागे.
"माह्यं काही चुकलं का, भाऊ?
पानी तुम्हीच घेऊ राह्यले,
चिठ्ठी तुम्हीच आनू राह्यले.
मले काढता काय?"

याचं औषध
डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं नव्हतं.

मी गादीवर थाप मारली.
बस. मी येईस्तोवर इथे बस.
तो काठावर टेकला, निम्मा,
धूळभरले पाय चादरीपासून लांब धरून.

तेव्हापासून दिवसातून सतरा-अठरा वेळा
मी उठतो आणि तो बसतो.
वरचा आकडा थोडा उतरलाय.
गोळीनं की चालण्यानं, बाई सांगत नाहीत,
मीही खोदून विचारत नाही.

परवा माठावरून परतलो तर
भिंतीला पाठ लावून त्याचा डोळा लागलेला,
पायांची बोटं मात्र हलत होती,
अजून कुणासाठी तरी कुठेतरी चालल्यासारखी.

बाहेर गाडीवाला पावतीसाठी हॉर्न देत होता.
त्याला हातानं थांब म्हटलं
आणि आणखी एकदा
काट्यापर्यंत जाऊन आलो.