वाघळांची मोजदाद

अर्जाच्या पहिल्या रकान्यात जागेचं नाव.
मी लिहिलं : हणबरगाळी, तालुका खानापूर.
जिल्ह्यापाशी पेन अडलं.
बेळगाव की बेळगावी, यावरून आमच्याकडे
एसटीच्या काचा फुटल्यात, पाट्यांना डांबर लागलंय.
फॉर्म परदेशातला, त्याला काय त्याचं.
त्यानं खाली अक्षांश मागितले.
ते देताना जरा हलकं वाटलं.

मग : मालकी कुणाची?
पाटी खात्याची, निळी, कन्नडमधली.
शिलालेख हळेकन्नड, निम्मा चुन्याखाली.
दिवा लावणारी सातेरव्वा गुरवीण घरात मराठी बोलते
आणि शेळ्यांना कन्नडमधून शिव्या घालते.
पावसाळ्यात पिंडीवर जे पाणी गळतं
ते कुठल्याच आयोगापुढं उभं राहिलेलं नाही.

भरमाणी राखणदार, रोजंदारीवरचा.
चार महिन्यांचा पगार तटलाय.
तिन्हीसांजेला गाभाऱ्याच्या दारातून त्यानं मला मागं ओढलं.
"थांबा बाई, त्यांची वेळ झाली की."
शिखराच्या भगदाडातून वाघळं निघाली,
घाई नाही, गोंगाट नाही,
पहाटे भाजीची बुट्टी घेऊन बायका निघतात तशी,
एकेक, आपापल्या बाजाराला.

"किती असतील?" रकान्याला आकडा लागतो.
"परवा साडेतीनशे. काल दोन कमी.
एक मांजरानं नेलं.
दुसऱ्याचं काय ते कळलं नाही."

बैठक दूरच्या देशात.
गावात रेंज फक्त नंदीच्या पाठीवर येते,
म्हणून फोन तिथं ठेवला, दोन शिंगांच्या मधे,
आणि आम्ही सात-आठ जण वाकून बघत राहिलो
कानाला यंत्रं लावलेली माणसं,
पाण्याच्या बाटल्या, देशोदेशीच्या पाट्या.

संस्कृतीचे सल्लागार म्हणाले :
भगदाड बुजवा, वाघळं हलवा, गाभारा धुऊन काढा,
मग निधीचं बघू.
निसर्गाचे सल्लागार म्हणाले :
वाघळांची जात दुर्मीळ, आत कुणी जाऊ नये,
दिवासुद्धा नको,
मग निधीचं बघू.

मी जमेल तसं मराठीत सांगत होते.
कुणी बोलेना.
आम्हाला यात नवीन ते काय?
एकाच्या नकाशात आम्ही, दुसऱ्याच्या ठरावात,
आणि रेशन कार्डावर तिसरंच स्पेलिंग.

अकरा मिनिटं लागली.
अध्यक्षांनी नाव घेतलं, "हॅनबर्गॅली,"
प्रस्ताव परत, अधिक माहितीसह पुन्हा सादर करावा,
हातोडा, आणि लगेच
कुठल्याशा बेटावरची प्रवाळं.

"नाव तर घेतलं की ओ," भरमाणी म्हणाला,
आणि नंदीवरची फोनची ऊब तळव्यानं पुसल्यासारखी केली.

सातेरव्वानं पैसे किती ते विचारलं.
नाही म्हटल्यावर तिनं पदराखालची पणती काढली
आणि उंबऱ्याच्या बाहेर ठेवली.
आत का नाही, मी विचारलं.
"आत तापतंय त्यास्नी," ती म्हणाली.
"माझी सासू बी हितंच ठेवायची."
उजेड पिंडीच्या पायापर्यंत जेमतेम पोचत होता.
वर काळोख, जसाच्या तसा.

आता मी पुन्हा फॉर्म घेऊन बसलेय, कट्ट्यावर.
रकाना चौदा : सध्याची व्यवस्थापन पद्धत.
लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं.
सासू या शब्दाला पदनाम काय द्यायचं?

"माझं नाव घातलं काय?"
घातलं, म्हटलं.
"पगाराचं?"
त्याला रकाना नाही, भरमाणी.

तो हसतो की काय, अंधारात दिसत नाही.
मान वर करून ओठांतल्या ओठांत मोजत राहतो,
मधेच थांबतो.

"बाई, लिहा. तीनशे अठ्ठेचाळीस.
आणि एकीच्या पोटाला पिल्लू चिकटलंय.
त्याला वेगळं धरायचं काय ओ?"